डाव्या पायाची रजा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असा एखादा विषय येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘ऑटोमॅटिक मोटारीचे तोटे’ असे कळविले. तिकडून दोन दिवस उत्तरच आले नाही. मग एकाने नम्रपणे विचारले, “हा विषय शोरूमवाल्यांचा नव्हे काय?” आमच्या मते नव्हे. शोरूमवाला फायदे सांगतो; तेच त्याचे काम. तोटे सांगायला दुसरा कोणी तरी लागतो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या दारांत, संपाच्या मांडवांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. ड्रायव्हर, क्लीनर, फिटर, मिस्त्री या मंडळींत आमचे आयुष्य गेले, आणि आज जे सांगणार आहोत त्यातले बरेचसे त्यांच्याच तोंडून ऐकलेले व नंतर पुस्तकांत पडताळून पाहिलेले आहे.

आधी यंत्राविषयी थोडेसे. मोटारीच्या इंजिनाची एक खोड आहे. ते फार हळू फिरू शकत नाही, आणि एकदा थांबले की आपण होऊन पुन्हा सुरू होत नाही. चाके मात्र कधी थांबतात, कधी रांगतात, कधी धावतात. या दोघांचे जमवून देण्यासाठी मध्ये दोन मध्यस्थ लागतात. एक गिअर, चढावर ताकद आणि सपाटीवर वेग असा हिशेब तो बदलून देतो. दुसरा क्लच, इंजिन आणि चाके यांची जोडी तो क्षणभर सोडवितो आणि पुन्हा हलकेच जुळवितो. आमच्यासारख्या संघटनेतल्या माणसाला मध्यस्थाचे काम चटकन समजते. तो नीट वागला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि बिघडला की सगळे त्याच्याच नावाने ओरडतात.

या दुसऱ्या मध्यस्थाला पायाखालून काढून टाकण्याची खटपट जुनी आहे. जनरल मोटर्सने अमेरिकेत ओल्ड्समोबाइलच्या १९४० सालच्या गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ बसविली आणि महायुद्धात स्टुअर्ट जातीच्या हलक्या रणगाड्यांतही तीच वापरली. आपल्याकडे मात्र ही चैन दीर्घकाळ श्रीमंतांची राहिली. १९८४ साली किनेटिक होंडा आली आणि स्कूटरवाल्यांचा डावा हात मोकळा झाला. मोटारीत हा बदल सामान्य मध्यमवर्गापर्यंत पोचला तो २०१४ च्या फेब्रुवारीत, मारुतीच्या सेलेरिओमुळे. त्या गाडीत गिअरबॉक्स नेहमीचाच आणि क्लचप्लेटही नेहमीचीच. फक्त डाव्या पायाचे आणि डाव्या हाताचे काम एका छोट्या यंत्राकडे व संगणकाकडे दिलेले. तिला एएमटी म्हणतात. याखेरीज तेलाच्या प्रवाहातून शक्ती पोचविणारी टॉर्क कन्व्हर्टरची जात आहे, पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी आहे, आणि दोन क्लचांची महागडी जातही आहे. विजेच्या गाडीला तर बदलायला गिअरच नसतात. या सगळ्यांत भेद पुष्कळ आहेत. पण चालविणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर सगळ्यांचा अर्थ एकच : डाव्या पायाला कायमची रजा.

ही रजा वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. चिकलठाण्याहून संध्याकाळी क्रांती चौकाकडे यायला निघा. मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल्स, मोंढा नाका. क्लच किती वेळा दाबला हे कोणी मोजत नाही, पण गुडघा मोजत असतो. बस किंवा ट्रकचा क्लच तर मोटारीच्या क्लचहून पुष्कळच जड. वीस वर्षे नोकरी केलेला ड्रायव्हर जिना चढताना डावा पाय कसा टाकतो ते आम्ही पाहिले आहे. ज्याला डावा पायच नाही अशा माणसाला या गाडीने रस्ता खुला केला. ज्या गृहिणी आणि पेन्शनर चढावर गाडी मागे जाईल या भीतीने किल्ली हातात घेत नव्हते, ते आज पैठण गेटच्या गर्दीत शिरतात. कष्ट हे कष्ट म्हणून जपावेत असे कामगाराला कोणी सांगू नये.

तेव्हा खोटे आरोपही बाजूला ठेवू. ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल फार खाते, हे जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरे होते. आताच्या एएमटीला ते लागू नाही. अशा गाडीत काम नसल्यामुळे झोप येते, असेही काही जण सांगतात आणि समृद्धी महामार्गाचे उदाहरण देतात. पण समृद्धीवर गिअरच्या गाडीतसुद्धा एकदा पाचवा टाकला की तासभर डावा पाय रिकामाच असतो. तेथे झोप येते ती सरळ रस्त्याने आणि जागरणाने. तो दोष गिअरबॉक्सवर लादणे हा अन्याय आहे.

खरा तोटा सुरू होतो तो उतारावर. म्हैसमाळला पावसाळ्यातल्या रविवारी किती गाड्या जातात हे तुम्हांला सांगायला नको. वर जाताना सगळे ठीक चालते. थोडा आवाज, थोडा धक्का, पण गाडी चढते. उतरतानाची गोष्ट निराळी. जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला नियम सांगतात : ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. खालच्या गिअरात इंजिन चाकांना मागे धरून ठेवते, आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर ठेवून उतरणाऱ्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पुष्कळ गाड्या उलट वरचा गिअर घेतात. कारण त्यांच्या हिशेबाने इंजिनाला आता काम नाही. गाडी मोकळी सुटते, मग ब्रेक. पुन्हा सुटते, पुन्हा ब्रेक. वळणावळणाने ब्रेक तापतात. तापलेल्या ब्रेकचे पेडल दाबले तरी पकड येत नाही. ड्रायव्हर मंडळी याला ‘ब्रेक सोडले’ म्हणतात, आणि हे शब्द ती हळू आवाजात उच्चारतात.

यावर उपाय गाडीतच असतो. दांडी ‘एम’कडे नेऊन खालचा गिअर हाताने धरता येतो, काही गाड्यांत ‘एल’ असते, काहींत ‘बी’. काही नव्या गाड्या उतार ओळखून आपण होऊन गिअर धरतात. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच चाकांना मागे ओढते आणि बॅटरी भरते. मात्र बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर हे ओढणे कमी पडते, कारण वीज ठेवायला जागा नसते. घाटमाथ्यावर गाडी चार्ज करून लगेच उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पण आमचा प्रश्न असा आहे की, हे कोणी कोणाला सांगितले? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाने चार वर्षे गाडी वापरली आणि ‘एम’ हे अक्षर कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “आम्हांला वाटले, मेंटेनन्सवाल्यांसाठी असेल.” गिअरच्या गाडीत हे अज्ञान टिकत नाही, गाडी दर शंभर पावलांवर परीक्षा घेते. ऑटोमॅटिक गाडी परीक्षा घेतच नाही, आणि घेते तेव्हा थेट घाटात घेते.

उतारावरचीच आणखी एक गोष्ट. बऱ्याच एएमटी गाड्यांत ‘पी’, म्हणजे उभे करण्याची जागा, नसते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, हँडब्रेक अर्धवट ओढून मालक दर्शनाला गेला, तर गाडीही कोठे तरी जाते. अशी गाडी गिअरात ठेवूनच बंद करावयाची आणि हँडब्रेक पूर्ण ओढावयाचा असतो. एवढे एक वाक्य गाडी ताब्यात देताना सांगायला किती वेळ लागतो?

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला त्याकडे येतो. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ला पश्चिमेला ‘बेस्ट’साठी भाडेतत्त्वावर चालणारी, बारा मीटर लांबीची विजेची बस गर्दीत घुसली. माणसे आणि वाहने चिरडत ती पुढे गेली. मृतांचा आकडा आधी सात होता, तो पुढे वाढला. जखमी चाळिसांहून अधिक. त्या वेळच्या वृत्तांत दोन गोष्टी आल्या होत्या. एक, तपासणीत बसच्या ब्रेकमध्ये दोष आढळला नाही. दुसरी, चालक पूर्वी क्लच-गिअरच्या लहान बसवर होता, या बसवर नवा होता, आणि त्याला मिळालेले प्रशिक्षण बोटांवर मोजता येतील इतक्या दिवसांचे होते. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. तो निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण त्या बातमीनंतर आम्ही जितक्या ड्रायव्हरांना विचारले, त्यांतल्या एकालाही नवल वाटले नाही, आणि याचेच आम्हांला नवल वाटले.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. गिअरची गाडी वर्षानुवर्षे चालविणाऱ्याचे दोन्ही पाय एका जोडीने काम करतात. संकट आले की दोन्ही पाय एकदम खाली जातात : उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. यात विचार नसतो. आणि यात एक सुरक्षा आपोआप दडलेली असते. घाबरून उजवा पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला, तरी डाव्याने क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन नुसते ओरडते, चाकांपर्यंत त्याचे बळ जात नाही. क्लच काढला की ही दुसरी कडी निघून गेली. आता उजवा पाय चुकला की गाडी सुटलीच. आणि सुटली की घाबरलेला माणूस ब्रेक समजून तेच पेडल आणखी जोराने दाबतो. विजेच्या गाडीत तर ओढ पहिल्या क्षणापासून पुरी मिळते. डाव्या पायाची सवयही लगेच जात नाही. क्लच शोधायला गेलेला पाय रुंद ब्रेकवर आदळतो, गाडी जागच्या जागी थांबते आणि मागची येऊन धडकते. शिवाय ‘डी’मध्ये उभी असलेली गाडी ब्रेकवरचा पाय सैल होताच पुढे सरकू लागते. न्यूट्रलमध्ये बिनघोर उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला हे सरकणे दचकवते, आणि दचकलेला पाय कोठे पडेल याचा नेम नाही.

ही नुसती आमच्या मित्रांची कल्पना नव्हे. ऑडी ५००० ही गाडी आपण होऊन सुसाट सुटते, असा गवगवा अमेरिकेत १९८६ मध्ये टेलिव्हिजनवरून झाला. सरकारी चौकशीचा निष्कर्ष १९८९ साली आला : मुख्यतः पाय चुकीच्या पेडलवर पडत होता. ब्रेक दाबल्याखेरीज ‘पी’मधून दांडी हलू नये अशी जी अडसर आज सर्वत्र दिसते, ती त्याच काळात रूढ झाली. जपानात जवळजवळ सगळ्या मोटारी ऑटोमॅटिक आहेत. तेथे पेडल चुकून होणारे अपघात, विशेषतः वृद्ध चालकांचे, इतके गाजले की, समोर अडथळा असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला तरी गाडी उसळू नये अशी योजना नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत २०२८ पासून सक्तीची करण्याचे सरकारने ठरविले आहे. क्लचच्या गाड्यांवर ही सक्ती नाही. क्लच जे काम फुकट करीत होता, त्यासाठी आता निराळे यंत्र विकत घ्यावे लागत आहे!

म्हणजे ज्याला जुनी गाडी उत्तम येते, त्यालाच नवी गाडी अधिक शिकवावी लागते. मालकांच्या डोक्यात नेमके उलटे बसलेले असते. “सोपी आहे, क्लच नाही, गिअर नाही; तुला काय शिकवायचे?” असे म्हणून किल्ली हातात ठेवतात. सोपी गाडी आणि सुरक्षित गाडी यांत फरक आहे, आणि तो फरक भरून काढायला पगारी दिवस लागतात. कंत्राटदार कापतो ते हेच दिवस.

कायद्यानेही येथे मेहेरबानीच केली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरची दुचाकी आणि गिअरची दुचाकी यांचे परवाने निराळे आहेत. मोटारीच्या परवान्यात असा भेद नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो; जपानातही १९९१ पासून ऑटोमॅटिकपुरता निराळा परवाना आहे. आपल्याकडे स्कूटीसाठी जो विचार झाला तो दीड टनाच्या मोटारीसाठी झाला नाही. याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. एक बाजू कुर्ल्याची सांगितली. दुसरी आमच्या वस्त्यांतल्या पोरांची. हल्ली काही मुले मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या ऑटोमॅटिकवर शिकतात आणि परवाना काढतात. मग नोकरीला जातात तेव्हा समोर उभा असतो टेम्पो, पिकअप नाही तर पाण्याचा टँकर. गिअर टाकायला गेले की खर्र आवाज येतो, चढावर गाडी बंद पडते आणि दुसऱ्या दिवशी “येऊ नकोस” म्हणून सांगतात. परवाना खिशात, पण पोटापाण्याची विद्या हातात नाही. ज्याला मोटार फक्त स्वतःच्या सोयीसाठी चालवायची आहे त्याने खुशाल ऑटोमॅटिकवर शिकावे. ज्याला स्टिअरिंगवर घर चालवायचे आहे, त्याने आधी क्लच शिकावा. निदान आजच्या आपल्या रस्त्यावरची मालवाहतूक पाहता आमचा सल्ला हाच राहील.

आता बिघाडाकडे वळू. येथे आमचे मिस्त्री मित्र बोलू लागले म्हणजे थांबत नाहीत. क्लचप्लेट झिजू लागली की गिअरची गाडी आधी सांगते. पेडल वर येऊ लागते, चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. पायाला कळते, नाकाला कळते. मिस्त्री गाडीखाली शिरतो, गिअरबॉक्स उतरवितो, प्लेट बदलतो, आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर. ऑटोमॅटिकमध्ये झीज संगणक सांभाळून घेतो. सांभाळून घेतो म्हणजे लपवितो. एक दिवस दिवा लागतो आणि गाडी हलत नाही. बॅटरी बसली तर चार माणसांनी धक्का मारून, सेकंड टाकून गाडी सुरू करण्याची आपली राष्ट्रीय पद्धतही येथे चालत नाही. दोर बांधून ओढत नेण्याचीही चोरी. कारण टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअरबॉक्सला तेल पुरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके लांबवर फिरविली तर आतले भाग कोरडे घासतात. गाडी उचलूनच न्यावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी कधी दगा देते हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

कंपनीच्या कारखान्यात गेले की बहुधा सुटा भाग दुरुस्त होत नाही, सगळा संचच बदलतात. मोठ्या कंपन्यांनाही ही यंत्रे सोपी गेलेली नाहीत. दोन क्लचांच्या गिअरबॉक्समधील दोषामुळे फोक्सवॅगनला चीनमध्ये २०१३ च्या मार्चमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नवी गाडी घेणाऱ्याला वॉरंटीचे कवच असते. ते संपत आले की तो गाडी विकतो. घेतो कोण? टॅक्सीसाठी, पतपेढीचे कर्ज काढून, आमचाच एखादा माणूस. गिअरबॉक्सचा दिवा त्याच्या वाट्याला लागतो. जुनी ऑटोमॅटिक स्वस्तात मिळते आहे म्हणून घेऊ पाहणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, आधी अर्धा तास गर्दीत आणि एकदा चढावर चालवून पाहा. थांबत-सरकत जाताना धक्के बसतात काय, तापल्यावर गिअर अडखळतो काय, गिअरबॉक्सच्या तेलाची आणि दुरुस्तीची नोंद आहे काय, हे पाहिल्याखेरीज इसार देऊ नका.

आमच्या शहराला तर या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणारच नाही. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली आला. तेथे जोडल्या गेलेल्या बहुतेक ऑडी गाड्यांना क्लचचे पेडलच नव्हते. वाळूजला दुचाकींचे क्लच बनविणारे कारखाने आहेत, आणि बजाज आता विजेची चेतकही बनविते, जिला क्लच लागत नाही. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने आपल्या जिल्ह्यात कारखाना काढण्याचा करार राज्य सरकारशी केला. क्लच बनविणारा कामगार आणि बिनक्लचची गाडी जोडणारा कामगार एकाच बसने कामावर जातात. पुढे काय होणार याचा अंदाज त्या दोघांनाही आहे. तो विषय मोठा, त्यासाठी पुढच्या वर्षी बोलावणे धाडा.

आजपुरती आमची मागणी लहान आहे. प्रवासी किंवा कामगार वाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरला गिअरच्या गाडीवरून ऑटोमॅटिक किंवा विजेच्या गाडीवर बदलताना त्याच जातीच्या, त्याच लांबीच्या गाडीवर शिकवावे. आधी रिकाम्या मैदानात, मग रिकाम्या गाडीने रस्त्यावर, मग घाटात. डावा पाय मागे घेऊन ठेवण्याची सवय लागेपर्यंत प्रवासी देऊ नयेत. हे दिवस कामाचे धरून त्यांचा पूर्ण पगार द्यावा, आणि शिकविणाऱ्याने सही करून सांगावे की हा माणूस तयार आहे. कंत्राट कोणाचेही असो, करारात हे कलम असावे. एका मालकाने आम्हांला विचारले की, पायाची सवय मोडायला किती दिवस लागतात ते आकड्यात सांगा. आम्ही त्यांना म्हटले, तुम्ही स्वतः नवी ऑटोमॅटिक घेतलीत तेव्हा डावा पाय ब्रेकवर किती वेळा आपटला ते आठवा. ते हसले. कलमावरची बोलणी अजून चालू आहेत.

येथे बरेच ड्रायव्हर बांधव बसलेले दिसतात, आणि त्यांतल्या काहींचे आमच्याशी मतभेद असणार हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळते आहे. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांसाठी ठेवून आम्ही थांबतो.